माईंचं 'नको'

"अहो, तुम्ही नका हात लावू! मृणाल, सांग गं त्यांना! धोंड्याला आलेला जावई गाडी ढकलतोय, लोक काय म्हणतील?"

तासगावच्या एसटी स्टँडबाहेर भर उन्हात माझ्या सासूबाई, माई, गाडीच्या खिडकीतून अर्ध्या बाहेर येऊन ओरडत होत्या. आणि मी, कडक इस्त्रीची पँट घातलेला, लग्नानंतरच्या पहिल्याच अधिक महिन्यात मानानं बोलावलेला जावई, एका केळीवाल्याच्या खांद्याला खांदा लावून ती गाडी मागून रेटत होतो. स्टिअरिंगवर सासरे होते. त्यांनी क्लच सोडला, गाडीनं दोन उसळ्या मारल्या, माझ्या पँटवर काळा धूर सोडला आणि एकदाची सुरू झाली.

"बसा पटकन, परत बंद पडायच्या आत," सासरे म्हणाले.

अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो. त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, अनारसे आणि दिवा दान द्यायचा. सासू-सासऱ्यांनी त्याचे पाय धुवायचे. माझ्या आईनं निघतानाच बजावलं होतं, "शहाण्यासारखा बस. काही करू नकोस. त्यांना करू दे." पण शहाण्यासारखं बसणं माझ्या कुंडलीतच नाही.

"बॅटरी जुनी झालीय का, आप्पा?" मी मागच्या सीटवरून विचारलं.

"दसऱ्यालाच नवी टाकलीय. तरी आठवडाभर उभी राहिली की बसते."

"म्हणजे गाडी बंद असताना काहीतरी करंट खातंय. चोर आहे आत कुणीतरी. मी शोधतो."

आप्पांनी आरशातून माझ्याकडे एकदा पाहिलं. "म्हातारी गाडी आहे. म्हाताऱ्यांचं असायचंच काहीबाही. तुम्ही आराम करा."

"नको हो, खरंच नको," माई लगेच म्हणाल्या.

मी मनातल्या मनात बाह्या सरसावल्या.

त्याचं कारण सांगायला हवं. माझे सासरे म्हणजे केशवआप्पा पेटीवाले. पेटी म्हणजे बाजाची पेटी, हार्मोनियम. ते पेट्या दुरुस्त करायचे, सुरात लावायचे. पंचक्रोशीतल्या भजनी मंडळांच्या, देवळांच्या, शाळांच्या पेट्या त्यांच्या पुढच्या खोलीत ओळीनं मांडलेल्या असत. त्यांच्या कानाच्या गोष्टी मी लग्नाआधीच ऐकल्या होत्या. म्हणे सायकलवरून देवळासमोरून जाताना आप्पा थांबले आणि आत न बघताच म्हणाले, "बुवा, मधल्या सप्तकातला पंचम बघा, उतरलाय." कुणी विक्रेता सूर दाखवणारं काट्याचं यंत्र घेऊन आला, तर त्याला अंगणातनंच परत पाठवलं. "सूर काय डोळ्यानं बघायचा असतो होय?" हे त्यांचं वाक्य तर साऱ्या तालुक्याला पाठ होतं.

आणि माझा कान? बघायच्या कार्यक्रमात आप्पांनी मला सहज म्हणून पेटीवर सा दिला आणि म्हणाले, "लावा बघू." मी लावला. आप्पांनी पेटीचं झाकण मिटलं आणि म्हणाले, "चहा घ्या."

एवढंच. नंतर मृणालनं हट्ट धरला म्हणून लग्न झालं, पण ते 'चहा घ्या' माझ्या मनात रुतून बसलं ते बसलंच. आप्पा कुणाला 'वा' म्हणत नसत. मृणाल जिल्ह्यात पहिली आली तेव्हाही 'बरं आहे' म्हणाले होते. मी पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. दहा दहा खात्यांची बंद पडलेली मशिनं माझ्या नावानं हाक मारायची, पण सासऱ्यांच्या लेखी मी बेसूर माणूस. मला त्यांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, 'वा' ऐकायचं होतं. आणि देवानं ही बसणारी बॅटरी पाठवली होती. माझ्या प्रांतातली गोष्ट! सुराबिराचा संबंध नाही.

घरी पोचलो. गाडी मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली लागली. सरबत झालं, पुन्हा चहा झाला. पुढच्या खोलीत दामूबुवा येऊन बसले होते. बुवा म्हणजे वरच्या आळीच्या भजनी मंडळाचे पेटीवादक. उद्यापासून देवळात सप्ताह बसणार होता आणि ते आपली लावलेली पेटी न्यायला आले होते. गडी दिलखुलास, आवाज खणखणीत.

"हे का जावईबापू? या, या. आमच्या आप्पांच्या घरात दहावा ग्रह आला म्हणायचा!" ते हसले. "आप्पा, नऊ ग्रह परवडले हो, ह्या दहाव्याची शांत न्हाई."

"शांतच आहेत ते," आप्पा म्हणाले. दोघं पेटी उघडून बसले तेव्हा मी हळूच मागे सटकलो.

बॅगेतून मीटर काढला. मृणालनं कपाळाला हात लावला. "लोक सासरी आंबे आणतात. तू मीटर आणलायस?"

"आंबेही आणलेत."

"मकरंद, आजच्या दिवस बस की गप्प."

"अगं, अर्ध्या तासाचं काम. आप्पांना किती त्रास होतोय बघ. या वयात गाडी ढकलायची?"

माई पुरण वाटत होत्या. हातातलं काम टाकून त्या पदराला हात पुसत शेडपर्यंत आल्या. "नको हो मकरंदराव. आजच्या दिवशी तुम्ही कामाला हात लावायचा नसतो. आम्हाला दोष लागेल."

"दोष कसला माई, पुण्यच लागेल!"

"आमचा नेहमीचा मेकॅनिक आहे ना, तो बघेल उद्या."

"त्यानं बघितलं असतं तर गाडी ढकलावी लागली असती का?"

"नको, पण..."

आता आपल्याकडे 'नको' म्हणायची एक रीत असते. पंगतीत पहिलं नको रीतीचं, दुसरं लाजेचं, तिसऱ्यानंतर सरळ वाढायचं. साडी देताना नको, अहेर घेताना नको, चहाला नको. 'नको' हा शब्द ऐकून जो थांबला तो माणूस अडाणी. त्यातून सासूनं जावयाला 'नको' म्हणणं हा तर तिचा धर्मच. त्यामुळे मी माईंच्या नकोला हसलो आणि बॉनेट उघडलं.

बॅटरीच्या निगेटिव्हची केबल सोडली. केबल आणि बॅटरी यांच्यामध्ये मीटर लावला. म्हणजे गाडीत जाणारा प्रत्येक थेंब करंट आता माझ्या मीटरमधून जाणार. दारं बंद, दिवे बंद, चावी काढलेली. मीटर शून्याजवळ हवा होता. तो चांगला वर उभा.

"बघितलंत? गाडी झोपलीय, पण आत कुणीतरी जागं आहे!"

माईंनी एक पाट आणला, शेडच्या तोंडाशी टाकला आणि तांदळाचं ताट मांडीवर घेऊन निवडत बसल्या. घरात पुरण अर्धं वाटायचं राहिलंय, पाहुणे आलेत आणि सासूबाई शेडमध्ये तांदूळ निवडतायत, याचं मला काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं. सासूबाई कौतुकानं बघायला बसल्या, असं वाटलं मला! काय म्हणायचं या मुलाला!

पद्धत सोपी असते. फ्यूज एकेक करून काढायचा आणि मीटरकडे बघायचं. ज्या फ्यूजला आकडा पडला, त्या रस्त्यावर चोर. हॉर्नचा काढला, आकडा तसाच. वायपरचा काढला, तसाच. प्रत्येक फ्यूज मी माईंना दाखवत होतो, एखाद्या जादूगाराच्या थाटात.

"पाट मांडलेत, हात धुऊन घ्या ना," माई म्हणाल्या.

"अजून पुरण वाटायचं राहिलंय की तुमचं!"

"हो... ते मृणाल वाटेल."

पुढचा फ्यूज काढला आणि मीटर धाडकन खाली आला. परत घातला, वर. काढला, खाली.

"सापडला! आतला दिवा आणि टेप यांचा फ्यूज!"

आतला दिवा तर विझलेला होता. फ्यूज परत घालून मी बल्बच काढून टाकला, तरी करंट चालूच. राहिला टेप. पण टेप गाडीत होताच कुठं? तो कधीकाळी काढून टाकलेला, डॅशबोर्डमध्ये चौकोनी भोक तेवढं राहिलेलं. मी त्या भोकात हात घातला. जुन्या वायरी लोंबत होत्या. त्यातल्या एकीला कुणीतरी दुसरी वायर पिळून जोडली होती, वर चिकटपट्टी गुंडाळली होती. नवशिक्याचं काम. वायर खाली उतरून पायपुसण्याखाली शिरली होती.

"कुणी केलं हे? त्या तुमच्या मेकॅनिकनं?"

माई उठून आल्या. त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर हात ठेवला. तांदळाचे दाणे त्यांच्या पदरावरून खाली सांडले. "मकरंदराव, सीटखाली काही नाही हो. त्यांची जुनी सतरंजी आहे. हात घालू नका, विंचूबिंचू असायचा."

मी सीटचं नावसुद्धा काढलं नव्हतं. तेव्हा हे माझ्या डोक्यात शिरायला हवं होतं. मी मशिनच्या आवाजावरून बेअरिंग कुठलं गेलंय ते सांगणारा माणूस, आणि माझ्यासमोर उभ्या असलेल्या बाईचा आवाज थरथरतोय हे मला कळलं नाही.

"विंचवाला शॉक देतो मी!" मी म्हणालो, आणि वर मान करून हाक मारली. "आप्पा! बुवा! या, या लवकर! चोर सापडला तुमच्या बॅटरीचा!"

ही हाक मी का मारली? एकट्यानं काढलं असतं, एकट्यानं बघितलं असतं. पण मला 'वा' हवं होतं ना. आणि 'वा' म्हणायला माणसं लागतात.

पुढच्या खोलीतली पेटी थांबली. बुवा धोतर सावरत आले, त्यांच्यामागे मृणाल आली, हाताला पुरण लागलेलं. सगळ्यात शेवटी आप्पा. ते घाईघाईनं येत होते. आप्पांना घाईत मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"राहू द्या," आप्पा लांबूनच म्हणाले. "मकरंदराव, राहू द्या ते."

तोवर मी सीटखालची सतरंजी ओढली होती. सतरंजीत गुंडाळलेलं एक लाकडी खोकं, त्यात मांडीवर बसेल एवढा छोटा भाता, एक बारीक कानस, पितळी सुरांच्या चार-दोन पट्ट्या आणि एक काळा डबा. वायर त्या काळ्या डब्यात जात होती. डब्याला काच होती, काचेमागे पिवळा दिवा लागलेला, आणि दिव्यापुढे एक काटा.

"हे बघा! हा दिवा रात्रंदिवस चालू आहे. बटण आहे, पण ते बंद असूनही दिवा जळतच राहतो. हाच तुमची बॅटरी खातोय!" मी डबा उंच धरला, गणपतीच्या मांडवात बक्षिसाचा कप धरतात तसा.

मी बटण दाबलं.

"आप्पा," बुवा म्हणाले, "हे काय?"

बुवांच्या आवाजासरशी काचेमागचा काटा उडाला, थरथरला आणि परत खाली बसला.

ते काय आहे हे बुवांनी लगेच ओळखलं होतं. तो विक्रेता त्यांच्याकडेही येऊन गेला होता. मला मात्र काटा उडाला तेव्हा कळलं. सूर दाखवणारं यंत्र. आप्पांनी अंगणातनं हाकललेलं.

"माझी पेटी ह्याच्यावर लावलीत?" बुवांनी विचारलं. काटा परत उडाला.

"हो," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक होता की काटा जेमतेम हलला.

मला ते यंत्र बंद करता येत होतं. माझ्याच हातात होतं. पण मी ते तसंच धरून उभा राहिलो.

बुवा वाईट माणूस नव्हते. ते खरंच वाईट नव्हते, म्हणून तर सगळं घडलं. त्यांनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसून म्हणाले, "आवो, मग त्यात काय? सप्त्याची घाई, पेट्यांचा ढीग, माणूस हाय, कंटाळा येतो. पर आप्पा, माझी पेटी वडलांची हाय. तिला यंत्राचा हात नको. आपण बसू की पुन्हा. तुमच्या कानानं लावा. मी थांबतो, जावईबापूंच्या पंगतीला जेवतो."

"चला," आप्पा म्हणाले.

आम्ही सगळे पुढच्या खोलीत गेलो. मी का गेलो तेही मला सांगता येत नाही. आप्पा पेटीसमोर मांडी घालून बसले. चष्मा चढवला, कानस हाताशी घेतली. उजव्या हातानं वरच्या सप्तकातली एक पट्टी दाबली आणि डाव्या हातानं भाता मारला. मान थोडी कलती केली. पुन्हा दाबली. शेजारची दाबली. पुन्हा पहिली. माझ्यासारख्या बेसूर माणसालासुद्धा पेटीचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता, उंच, टाचणीसारखा.

आप्पांनी मान दुसऱ्या बाजूला कलती केली. मग कानस खाली ठेवली.

"दामू, वरचं सप्तक मला ऐकू येत नाही."

बुवांचा चेहरा बघवत नव्हता.

"दोन वर्षं होत आली," आप्पा पेटीकडेच बघत बोलत होते. "आधी अगदी टोकाचे स्वर गेले, मग त्या सप्तकातले एकेक करून सगळेच. पट्टी दाबली की लाकडाचा टक् आवाज येतो, बस्स. गाडीच्या काचा लावून बसायचो. बाहेरचा गलका नसला की काट्यावर नीट लागतं. पेटी सुरात आहे तुझी. मी काट्याशी ताडून पाहिलीय. पण मी ऐकलेली नाही."

त्यावर मी काय बोललो असेन? गप्प बसलो असतो तरी थोडी लाज राहिली असती.

"पण आप्पा," मी म्हणालो, "यंत्रानं लावला काय किंवा कानानं लावला काय, सूर तोच ना? कंपनं तेवढीच. उलट यंत्र जास्त अचूक."

आप्पांनी पेटीचं झाकण मिटलं. माझ्याकडे पाहिलं.

"चहा घ्या," ते म्हणाले.

दामूबुवा उठले. आप्पांच्या पायाला हात लावून त्यांनी पेटी उचलली. दारात जाऊन म्हणाले, "सुरातच हाय आप्पा. मघाशी वाजवली तवाच कळलं होतं मला. मी उगंच..." पंगतीला ते थांबले नाहीत.

मी स्वयंपाकघरात गेलो. हात काळे होते, धुवायचे होते. माई चुलीपाशी उभ्या राहून धोंडे वाफवायला ठेवत होत्या, जसं काही झालंच नाही. मृणाल माझ्याकडे न बघता बाहेर निघून गेली.

"माई, तुम्हाला माहीत होतं?"

"मला कोण सांगणार?" त्या झाकण लावता लावता म्हणाल्या. "पण चाळीस वर्षं त्या पेट्यांच्या आवाजात काढलीत. माणूस कधी थांबून ऐकतो आणि कधी नुसतं ऐकल्यासारखं करतो, कळतं की. ते गाडीत जाऊन बसले की मी शेडच्या तोंडाशी तांदूळ निवडायला बसायची. कुणी आलंगेलं तर आधी मला दिसावं म्हणून. त्यांना वाटायचं, ही तांदूळच निवडतीय."

मी नळाखाली हात धरून उभा होतो. पाणी काळं वाहत होतं.

"मी सकाळपासून नको नको म्हणत होते ना हो, मकरंदराव," माई म्हणाल्या. रागानं नव्हे. जावयावर रागवायचं नसतं. अजूनही त्या अहो-जाहोच करत होत्या. त्यापेक्षा त्यांनी ते पुरणाचं पातेलं माझ्या डोक्यात घातलं असतं तर बरं झालं असतं.

हात दाखवून अवलक्षण, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या दिवशी मला तिचा अर्थ समजला.

मला वाटलं, आता कार्यक्रम होणार नाही. मी मृणालला म्हणालोसुद्धा, दुपारच्या गाडीनं निघू. ती म्हणाली, "आणि त्यांना वाटू दे, जावई रुसून गेला म्हणून? आणखी एक घाव?" तेव्हा मी निमूट पाटावर जाऊन बसलो.

पाटाभोवती रांगोळी होती. समोर चांदीची वाटी, अनारशांचं ताट, त्यावर छोटा दिवा लावलेला. माई तांब्यानं पाणी घालणार आणि आप्पा ताम्हणात पाय धुणार, अशी त्यांच्याकडची पद्धत. मी म्हणालो, "नको, आप्पा. नको, खरंच." माझा 'नको' त्या घरात कुणी ऐकला नाही. रीतीचाच वाटला असणार.

आप्पा गुडघ्यावर बसले. त्यांना खाली बसायला त्रास झाला, भिंतीचा आधार घ्यावा लागला. माई पाणी घालत होत्या आणि आप्पा माझी पावलं चोळत होते. सकाळी गाडी ढकलताना चपलेत गेलेली धूळ त्यांनी बोटांच्या बेचक्यांतून काढली. माझं तोंड कुठं लपवावं मला कळत नव्हतं. पाय ओढून घेण्याची सोय नव्हती. रडण्याचीही नव्हती, शुभकार्य होतं.

पंच्यानं पाय पुसता पुसता आप्पा म्हणाले, "कसा शोधलात?"

"काय, आप्पा?"

"ती वायर. बॉनेटपासून सीटखालीपर्यंत. कशी शोधलीत?"

ते टोमणा मारत नव्हते. वर बघून खरंच विचारत होते, एक कारागीर दुसऱ्या कारागिराला विचारतो तसं. मी सांगितलं. मीटर मध्ये लावायचा, फ्यूज एकेक काढायचा, आकडा कुठं पडतो ते बघायचं.

"एकेक बंद करत जायचं. मग उरतो तो," आप्पा म्हणाले. "आम्हीपण तेच करायचो. एकेक सूर दाबून धरायचा आणि जो कुरकुरतोय तो ऐकायचा." त्यांनी माझ्या पायावर कुंकवाचं बोट टेकवलं. "बरोबर शोधलंत. वा."

त्या घरात मी त्याआधी किंवा त्यानंतर कधी कुणाला 'वा' म्हटलेलं ऐकलं नाही. मृणाल दाराशी उभी होती, तिनंही ऐकलं. मी धोंडे खाल्ले. माई आग्रह करत होत्या आणि मी वाढतील ते खात होतो. काय खातोय ते कळत नव्हतं.

संध्याकाळी आप्पा आम्हाला स्टँडवर सोडायला आले. ती वायर मी काढून टाकली होती, बॅटरीला चार्जिंग लावलं होतं. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. "बघा," माई म्हणाल्या, "आमच्या जावयानं केली ना दुरुस्त." त्यांनी ते शेजारणीला ऐकू जाईल असं म्हटलं.

पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी आला. आम्ही पुन्हा गेलो, या वेळी आमची लेक कडेवर होती. आप्पा स्टँडवर गाडी घेऊन आले होते. पुढच्या खोलीत एकही पेटी नव्हती. भिंतीशी पेट्या जिथं ओळीनं असायच्या, तिथं माईंनी मिरच्या वाळत घातल्या होत्या. आप्पांनी एकेक पेटी ज्याची त्याला स्वतः नेऊन दिली होती, असं मृणालनं मला नंतर सांगितलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आता होत नाही."

जेवण झाल्यावर मी माईंना मागच्या अंगणात एकटं गाठलं. शेडच्या तोंडाशी त्या नुसत्याच बसल्या होत्या, हातात ताट नव्हतं. मला काहीतरी बोलायचं होतं आणि जे बोलायचं होतं ते काढता येत नव्हतं, म्हणून मी गाडीकडे बोट दाखवून विचारलं, "काही त्रास देते का हो आता?"

"छे हो," माई म्हणाल्या. "तुम्ही आलात त्या दिवसापासून बॅटरी एकदासुद्धा बसली नाही."